नावाडीबाबांची जबानी

भर दुपारची गोष्ट आहे, तेव्हा अंधारात भास झाला असं म्हणायची सोय नाही.

तळ्यात भराव घालून बांधलेल्या एका घराचा खटला चालू होता. कायदा सरळ होता. भराव पडण्याआधी त्या पाण्यातून नावा चालत असतील, तर जमीन सरकारची आणि घर पाडायचं. चालत नसतील, तर घर वाचलं. माहीतगार साक्षीदार एकच उरला होता, घरातलाच म्हातारा. त्यानं जन्मभर त्याच तळ्यात नाव वल्हवलेली.

अधिकारी जबानी घ्यायला घरीच आले. म्हातारा दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत बसला होता.

"आजोबा, इथून नावा जायच्या का?"

सून त्याच्या कानाशी लागली. "बाबा, पढवलंय तेवढंच बोला हं. पोरांना घेऊन कुठं जाऊ मी?"

"नाही साहेब," फरशीकडे बघत म्हातारा म्हणाला. "इथं नुसता घोटाभर चिखल. बेडूकसुद्धा पोहायचं सोडून चालत जायचे. नाव कधीच चालली नाही."

सुनेचा जीव भांड्यात पडला. अधिकाऱ्यांनी जबानी मोठ्यानं वाचून दाखवली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाची काही हरकत?"



फरशीखालून आवाज आला, "नावाडीदादा, मग आम्ही सात जण अजून बसलोय ते कशात?"