भिंतीपलीकडे गेलेली तार

"तीनदा येऊन गेली तू. तीनदा!" रत्नाकरनं ज्योतीच्या नाकासमोर तीन बोटं नाचवली. "आणि घंटी काही वाजत नाही. खेळणं आहे काय हे?"

ज्योती घंटी विकणाऱ्या दुकानातली मेकॅनिक. मे महिन्याच्या उन्हात ओमती बाजारातल्या दुकानातून ती स्कूटीवर आली होती. आल्या आल्या तिनं बॅग उघडली आणि कामाला लागली.

खेळणं नव्हतंच ते. रत्नाकरची आई भानुमतीबाई दोन वर्षांपासून खाटेला खिळली होती. रत्नाकर फॅक्टरीतून रिटायर झालेला, बायको वारलेली, मुलगा विनय हैदराबादला. विनयनंच दिवाळीत ही सिस्टिम बसवून दिली. आजीच्या उशाशी बटण. ते दाबलं की घरातल्या विजेच्या तारांमधूनच निरोप जायचा आणि समोरच्या खोलीत रत्नाकरच्या डोक्याशी घंटी वाजायची. कधी वाजायची, कधी नाही. मागच्या सोमवारी पहाटे म्हातारीनं बटण दाबदाब दाबलं. कोणी येईना, म्हणून स्वतःच उठायला गेली आणि पडली. मनगट मोडलं. रत्नाकर दहा पावलांवर घोरत होता.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात आग होती. दुकानदारावर, विनयवर, जो समोर येईल त्याच्यावर.

"काकाजी, सिग्नल निघून राहिला, पण पोचेपर्यंत त्याच्यात जानच उरत नाही," ज्योती म्हणाली. "एकेक प्लग काढून पाहू. एखादी वस्तू त्याला खात असेल."

फ्रीज काढला, टीव्ही काढला, इन्व्हर्टर काढला, मोबाइलचा चार्जरसुद्धा काढला. दर वेळी ज्योती बटण दाबून हातातल्या यंत्रावरचा आकडा पाहायची आणि मान हलवायची.

"मेन बंद करून लाइन तपासावी लागेल."

"मेनला हात लावायचा नाही! आई पडून आहे तेव्हापासून मी तो खटका कधी खाली केला नाही. बाहेर आग ओतून राहिली, दिसत नाही तुला?"

ज्योतीनं स्टूल ओढलं. भानुमतीबाईंच्या खोलीत, छताजवळच्या जुन्या लाकडी डब्याचं झाकण तिनं उघडलं आणि बराच वेळ आत टॉर्च मारत राहिली.

"काकाजी, इथं एक जुना जोड आहे. तार भिंतीपलीकडे गेली आहे."

"कोणाकडे?"

"बाजूच्या घरात. दोन घरांच्या लाइनी गुंतल्या आहेत, म्हणूनच सिग्नल..."

पुढचं रत्नाकरनं ऐकलंच नाही.

बाजूचं घर दिवाकरचं. सख्खा धाकटा भाऊ. कांचघर मोहल्ल्यातल्या बापाच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी चार लोकांत रत्नाकर म्हणाला होता, "आई माझ्याजवळ राहील. तुझी सावलीसुद्धा तिच्यावर पडता कामा नये." दिवाकरनं मान खाली घातली होती. तेव्हापासून त्यानं या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

रत्नाकर अनवाणीच गल्लीत उतरला आणि त्यानं दिवाकरच्या दारावर थापा मारल्या. दिवाकर रेल्वेची ड्यूटी करून आला होता. बनियनवरच बाहेर आला.

"चोर! माझ्या घरातून तार ओढली तू!"

दारं उघडली. ओट्यांवर माणसं जमली.

"दादा, आत चल. इथं नको."

"काहून? लाज वाटून राहिली? आईची घंटी काहून वाजत नाही ते आज समजलं. तिचं मनगट तू मोडलं, तू!"

दिवाकरचा चेहरा पडला. "त्या तारेपायी घंटी वाजत नाही? मला ठाऊक नव्हतं."

"आणि तार? तार ठाऊक होती?"

"ठाऊक होती. दादा, ती राहू दे."

"ऐकलं? सगळ्यांनी ऐकलं ना?" रत्नाकरचा आवाज फाटला. "ज्या आईनं याला वाढवलं, तिच्यासाठी सहा वर्षांत एक दिवा लावला नाही यानं. आणि वरून चोरी! थांबा, आता दाखवतो. मी माझा मेन पाडतो. याच्या घरातलं जे जे बंद होईल, ते माझ्याकडून चोरलेलं. पाहा सगळ्यांनी!"

"काकाजी, आधी माझं ऐकून तर घ्या," ज्योती मागून ओरडली.

रत्नाकरनं आपल्या पडवीतला खटका खाडकन खाली ओढला. त्याच्या समोरच्या खोलीतली ट्यूबलाइट विझली. सगळी गल्ली दिवाकरच्या घराकडे पाहू लागली.

दिवाकरच्या खिडकीतला कूलर घरघरत होता. आतल्या टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. काहीसुद्धा बंद झालं नाही. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"तोडली असेल आत्ताच!" रत्नाकरनं झडप घालून भावाचं बनियन धरलं. "चार लोकांत मलाच खोटं पाडून राहिला काय?"

ज्योती मध्ये पडायला आली. दिवाकरनं तिला हातानंच थांबवलं. मग भावाची बोटं एकेक करून सोडवली. वळला, आपल्या दाराशी गेला आणि आपला मेन स्वतःच्या हातानं खाली ओढला. कूलर थांबला, टीव्ही गप्प झाला. गल्ली एकदम शांत झाली.

त्या शांततेत रत्नाकरच्या घरातून भानुमतीबाईंचा आवाज आला.

"रत्ना, माझा पंखा काहून बंद केला रे? आत्तापर्यंत तर चालू होता."