पाखरं फिरतात तिथं

"आता पाहा साहेब, आता येतो," म्हणत सत्यभामाने मोबाइल टेबलावरून साहेबांच्या आणखी जवळ सरकवला.

मोबाइलमध्ये समुद्र होता. जहाजाच्या कठड्याला टेकून आठ-दहा खलाशी उभे, आणि त्यांच्यासमोर पाणी फाडून एक देवमासा वर आला. बसएवढा. हवेतच वळला आणि आडवा कोसळला. त्याच्यामागून दुसरा. वर पांढरी समुद्रपाखरं कलकलत होती.

"बाप रे," साहेब म्हणाले. "केवढा आहे."

"मासा नोका पाहू. इकडं पाहा, कोपऱ्यात."

तिचा मुलगा यशदीप त्या जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होता. आठ दिवसांपूर्वी मादागास्करजवळ हे हंपबॅक देवमासे दिसले आणि सगळे कठड्याकडे धावले. रात्रीच्या जेवणाला यशदीप कुणाला सापडला नाही. जहाज मागे फिरलं, दोन दिवस शोध झाला, मग कंपनीचा मेल आला की शोध बंद केला आहे. व्हिडिओ त्याच्या खोलीतल्या सोबत्याने पाठवला होता. तेव्हापासून यशदीपचे वडील गुलाबराव भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि सत्यभामाच्या हातून मोबाइल सुटला नव्हता. आज ती मुलीला, अपर्णाला, घेऊन नवा रायपूरला, छत्तीसगडच्या मंत्रालयात, आली होती. अकरापासून चारपर्यंत दोघी याच दारापुढच्या बाकावर बसल्या, कारण दारावरच्या पाटीवर मराठी नाव होतं.

चाळिसाव्या सेकंदाला मोबाइल जरा हलला. दूर पाण्यावर एक नारिंगी ठिपका दिसला आणि गेला. त्याच्यावर पाच-सहा पाखरं घिरट्या घालत होती.

"जाकीट हाये त्याचं," सत्यभामा म्हणाली. "कंपनी म्हणते, कोनाच्या जाळ्याचा तरंगता डबा असन. डब्यावर पाखरं काहून फिरतीन? त्यायले वरून दिसून राहिलं, साहेब. मानसं सारी मासाच पाहून राहिली."

"सर, बस एक चिट्ठी दिल्ली भेज दीजिए," अपर्णा म्हणाली. "सर्च फिर से चालू हो जाए."

साहेबांनी चष्मा काढला. "आठ दिवस झाले, मावशी."

"पानी थंडं नाही तिथलं. समता कॉलोनीतल्या डॉक्टरले विचारलं मी. दहा दिवस राहते म्हणे मानूस."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं तिचं बीपी पाहिलं होतं, आणि पट्टा काढल्यावरही बराच वेळ तिचा हात सोडला नव्हता.

"अजून एकदा पाहा," ती म्हणाली.

साहेबांनी पाहिलं. या वेळी सत्यभामा मोबाइलकडे नाही, त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे माशाबरोबर वर गेले, माशाबरोबर पाण्यात पडले. तिने बोट ठेवलं तेव्हा कोपऱ्याकडे वळले, आणि लगेच परत माशाकडे गेले.

माणूस वाईट नव्हता. त्याने दोघींसाठी चहा मागवला, अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला. "पुढं पाठवतो," तो म्हणाला, पण अशा आवाजात, की अपर्णा टेबलावरचा मोबाइल उचलून उठलीच.

दोघी दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून साहेबांनी जरा अडखळत हाक मारली.

"बेटा, तो व्हिडिओ मला पाठवशील का? घरी नातवंडं आहेत. असा मासा कधी पाहिला नाही त्यांनी."

अपर्णाचा चेहरा लाल झाला. तिने मोबाइल मुठीत आवळला. "आई, चलो यहाँ से."

सत्यभामा हलली नाही. तिने मुलीच्या मुठीवर हात ठेवला आणि हळूहळू एकेक बोट सोडवलं.

"पाठव त्यायले," ती म्हणाली. "लेकरं नीट पाहतात."