उसन्या रंध्याचा बार

“घरात बार? थिल्लरपणा नुसता! त्याला माझा रंधा मिळणार नाही,” सुतार बापानं सुतार लेकीला ठणकावलं होतं. पहिलंच स्वतंत्र काम तिनं उसन्या रंध्यानं तडीस नेलं. आज घरमालकीण बाप-लेकीला हौसेनं बार दाखवत होती. लेकीचं लक्ष मात्र बाबांच्या अंगठ्यावर. डोळे मिटून त्यांनी काउंटरवरून नख फिरवलं. ते एकाही सांध्यात अडकलं नाही. “मग काका, शोभतोय ना? काय घेणार?” मालकीण हसली. जन्मात दारूला न शिवलेले बाबा उंच स्टुलावर ऐटीत बसले. “पाणी. पण इथंच पिणार.” पिऊन ठेवलेला ग्लास उचलला, तर खाली ओलं कडं उमटलेलं. बाबांनी झटकन स्वतःच्या रुमालानं ते पुसलं. “राहू द्या, मी पुसते की!” “बार शोभतो की नाही, ते तुमचं तुम्ही बघा, ताई. माझ्या पोरीच्या कामावर डाग पडायला नको.”