घट्ट बसणारं झाकण

"हे नको. याला फट आहे," म्हणत वडिलांनी आणखी एक झाकण दुकानदाराकडे परत सरकवलं. मुलगी त्यांच्या मागे, माशांच्या खाद्याच्या डब्यांपाशी उभी होती. तिला झाकणात काडीचाही रस नव्हता. पण "घरात बसून भिंती बघण्यापेक्षा चल" असा हुकूम सुटला, म्हणून ती आली होती.

वडील निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर पोरांच्या रांगा सरळ केल्या आणि त्यालाच शिक्षण समजले. आता रांगेत उभं करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आणून ठेवली होती. मासे उलट बोलत नाहीत, हा त्यांच्या दृष्टीने माशांचा फार मोठा गुण.

त्यातल्याच एका चंदेरी मासोळीने काल आगळीक केली. टाकी उघडीच असायची. तिने सरळ बाहेर उडी मारली. मुलीने तिला फरशीवरून ओंजळीत उचललं आणि पाण्यात सोडलं, म्हणून वाचली.

"उडी का मारली असेल?" दुकानदाराने विचारलं. "टाकीत एखादा दांडगा मासा आहे का?"

"अंगात मस्ती, दुसरं काय! वेळच्या वेळी खायला मिळतं, स्वच्छ पाणी मिळतं. एकेकाला सुख टोचतं हो. पळपुटी जात!"

शेवटचे दोन शब्द त्यांनी मान वळवून, मुलीकडे बघत उच्चारले. दुकानदार उगाच काउंटर पुसू लागला.

ती सासरहून निघून आली होती. आली त्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "बाबा, ते हात उचलतात." भांड्याला भांडं लागायचंच, असं सांगून वडिलांनी विषय मिटवला. पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. ऐकणं हे विद्यार्थ्यांचं काम. त्यांनी परस्पर जावयाला फोन केला आणि जावई उद्या सकाळी तिला न्यायला येणार होता. तिची बॅग आईने भरली. भरताना आई रडली, पण भरली.

दुकानदाराने जाळीचं झाकण काढलं. "ही काय चाळण आहे का?" नुसती काच काढली. "धक्का लागला की सरकेल." मग त्याने दिव्यांचे नमुने लावून दाखवले. गुलाबी, निळा, आपोआप रंग बदलणारा. "मला मासे ठेवायचेत की नाच बसवायचाय?" गिऱ्हाईक म्हणून आलेला हा माणूस दुकानातल्या प्रत्येक वस्तूला नापास करत होता आणि त्यात त्याला मनापासून सुख वाटत होतं.

शेवटी एक झाकण पसंत पडलं. काळं, जड, दोन्ही बाजूंना खिट्ट्या. खायला घालण्यापुरती पुढची फळी उघडायची. आतल्या बाजूने पांढऱ्या दिव्यांची पट्टी.

"उजेड कडक आहे हं याचा," दुकानदार म्हणाला. "तळाचा खडा न् खडा दिसेल."

"दिसू दे की. आमच्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही नाही."

घरी आल्यावर त्यांनी चहालाही थांबायला नकार दिला. झाकण बसवलं, खिट्ट्या लावल्या, दोनदा ओढून पाहिलं. आईला आणि मुलीला समोर उभं केलं. कार्यक्रमाला प्रेक्षक लागतातच. मग बटण दाबलं.

आजवर ती टाकी कोपऱ्यातल्या मिणमिणत्या बल्बवर चालली होती. आता पाणी आरपार दिसू लागलं. चंदेरी मासोळी हवेच्या नळीच्या मागे अंग चोरून राहिली होती. तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. एका कुशीवरचे खवले सोलून निघाले होते. तेवढ्यात टाकीतला मोठा काळा मासा, वडिलांचा लाडका, ज्याला ते कौतुकाने सरदार म्हणायचे, तो सरळ तिच्यावर धावून गेला आणि त्याने उरलेल्या शेपटीचा लचका तोडला.

"अरे, अरे! हा फाडतोय तिला!" वडील ओरडले. "पातेलं आणा! लवकर!"

आईने पातेलं आणलं. वडिलांनी फळी उचलली, पातेल्यात टाकीतलंच पाणी काढून घेतलं आणि जाळी घालून मासोळीला अलगद त्यात सोडलं. फळी उघडीच राहिली. वडील पातेल्यावर वाकले.

"किती दिवस सोसलं असेल बिचारीने! आणि आपण तिलाच नावं ठेवत होतो." त्यांचे डोळे खरोखर पाणावले. मासोळीसाठी. "उडी मारेल नाही तर काय करेल? छे, असल्यापाशी हिला एक दिवसही ठेवायची नाही!"

आईने पदर तोंडाला लावला. ती मासोळीकडे बघत नव्हती.

मुलगी पुढे झाली. तिने एक बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात उघड्या फळीखालच्या उजेडात धरला. दंडावर बोटांचे वळ पिवळे पडत आले होते. कोपराच्या वर भाजल्याचे गोल डाग होते, एकाखाली एक, बिडी-सिगारेटने पडतात तसे.

वडिलांनी एकदा पाहिलं. मग त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "चांगला उजेड आणलाय तुम्ही. नीट बघून घ्या, आणि मग जावयांना फोन लावा."