नमुन्याचा कोट

"काका, हा जेन्ट्स कोट शिवलाय तुम्ही."

संचिताने तो घालूनच दाखवला. बटणं उजवीकडे, काजं डावीकडे. अकरा वाजता तिला कोर्टात पहिल्यांदाच एकटीने उभं राहायचं होतं. आठवडाभर घरी आरशासमोर घोकून घोकून तिने सगळं पाठ केलेलं. पण समोरचे मुरलेले वकील कोटाकडे बघून नुसते हसले, तरी आपण सगळं विसरणार याची तिला खात्री होती.

टेंभी नाक्याचे सीताराम टेलर शांतपणे दोरा तोडत होते. "ताई, वकीलबाईंचा कोट असाच असतो. कोर्टात पहिल्या बाई आल्या त्या नीलाबाई. दुसऱ्या आल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी नीलाबाईंचा कोट नमुन्याला मागून घेतलेला. तेव्हापासून आपल्याकडे हाच कट."

"बदलून द्या ना."

"काजं पाडून झाली. आता कुठे हलवू?"

संचिताचे डोळे भरून आले. तेवढ्यात नीलाबाईच दुकानात शिरल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात तोच जुना कोट. अस्तर तिसऱ्यांदा फाटलं होतं. संचिताने कोट पाहिला. बटणं उजवीकडेच. ती रडायचंच विसरली.

"बाई, तुम्ही मुद्दाम असा शिवून घेतलात ना? पुरुषांच्या बरोबरीने उभं राहायचं म्हणून?"

सीतारामनी अभिमानाने मान हलवली. गिऱ्हाइकांना ते हेच सांगत आले होते.

नीलाबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "आधी बटणं लाव बघू. पहिल्या दिवशी मलाही हसले होते सगळे. निकाल माझ्या बाजूने लागला, मग गप्प बसले. जा, उशीर होईल तुला."

संचिताने एकेक बटण लावलं. कोट अंगावर छान बसला होता, हे तिला आत्ता कळलं. तिला एकदम बरं वाटलं. फाइल उचलून ती निघाली आणि पायरीवरून मागे वळली.

"पण मग असा का शिवलात?"

"अगं, मी कुठे शिवला? आमच्या दादाचा तो. मुलगा वकील होणार म्हणून आबांनी हौसेने आधीच शिवून ठेवलेला. दादा पहिल्याच वर्षी नापास झाला आणि पुस्तकं बांधून मोकळा झाला. मग आबा म्हणाले, एवढं चांगलं कापड वाया कशाला घालवायचं? नीले, तू हो वकील."