चार मणी

“एकशे बारा मण्यांची?” माळांच्या दुकानातल्या आप्पासाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. “अहो, एकशे बारा फिरवलं की पोलीस येतात.”

“तुळशीची हवी. आईला जपासाठी,” आमोद म्हणाला.

“गळ्यात घालायची असेल तर हवी तेवढी लांब देतो. जपाला एकशे आठ. नारायण पेठेत तरी तेवढेच असतात. तुमच्या कोथरूडला वाढवले असतील तर कल्पना नाही.”

आमोद खरंच कोथरूडचा होता. त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

मागच्या दसऱ्याला ऑफिसात पारंपरिक वेशाची स्पर्धा होती. नुसता कुर्ता ओका ओका दिसत होता, म्हणून त्याने देवघरातली आईची माळ न विचारता गळ्यात घातली. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून एक मग मिळाला. परत निघताना लिफ्टमध्ये लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा माळेत अडकला. रांगून रांगून एकशे चार मणी सापडले. चार लिफ्टच्या फटीतून खाली गेले. घरी त्याने बाथरूमचं दार लावून उरलेले मणी दात साफ करायच्या दोऱ्यात ओवले आणि माळ जागेवर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी आईने सव्वा लाख जपाचा संकल्प केला. कशासाठी ते सांगितलं नाही. संकल्प सांगायचा नसतो. त्या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

वर्ष झालं. आई रोज सकाळी एक माळ ओढते. बाबांचा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. अगदी थोडा राहतो. आमोदच्या मते, चार मण्यांइतका. त्या मगातून चहा पिताना त्याला रोज ठसका लागतो.

“आता वर्षभर एकशे बाराची ओढली की फिटंफाट होईल,” तो म्हणाला. “मी एक्सेलमध्ये बघितलंय.”

“देवाला एक्सेल कळत असेल. पण आईला फसवायला माळ मी देणार नाही.” आप्पासाहेबांनी ड्रॉवरमधून चार सुटे मणी काढले आणि पुडी बांधली. “हे त्यांच्या हातात द्या. पैसे नकोत. तोंड उघडा, म्हणजे झालं.”

घरी बाबा पाय लांब करून पेपर वाचत होते. आई मेथी निवडत होती. आमोदने पुडी तिच्यापुढे ठेवली.

“आई, तुझी माळ मी तोडली होती. त्यात चार मणी कमी आहेत. वर्षभर. बाबांचा गुडघा माझ्यामुळे वाकत नाही.”

बाबांनी पेपर खाली केला, गुडघ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला.

आईने मणी तळहातावर घेतले. “मेरुमणी चार मणी आधीच हाताला लागला, तर मला कळणार नाही होय रे? आणि स्टेटसला फोटो टाकला होतास. माळेसकट.”

“मग तू जप कसा…”

“उरलेले चार रोज बोटांवर मोजत होते. उद्यापासून तेही नको. झाला जप.”

“अगं, पण सव्वा लाख कुठे झालेत? बाबांच्या गुडघ्याचं काय?”

“गुडघ्याला फिजिओथेरपिस्ट येते,” आई मेथीची जुडी पुढे ओढत म्हणाली. “संकल्प तू कबूल करावंस म्हणून होता.”