अंगरख्याला तेल

हाशा नाखव्याच्या थोरल्या लेकीला पहिलं मूल झालं, त्या वर्षी कोळीवाड्यात जिवंत कापडाचे अंगरखे आले. तेव्हाच्या पावसाने कातडी भाजायची. हे कापड पावसाचा थेंब आत घेत नसे, अंगातला घाम मात्र बाहेर सोडी.

नारळी पौर्णिमेला हाशा नाखव्याने रीतीप्रमाणे होडीला तेल पाजलं आणि उरलेलं मुलाच्या, जोमाच्या अंगरख्यावर चोळलं. स्वतःच्या अंगरख्याला ते पुरलं नाही.

"आता दर्या तुला नुसता चाटून परत जाईल," तो हसला.

दुसऱ्या दिवशी बापलेक खोल पाण्यात असताना पाऊस कोसळला. वल्हवता वल्हवता जोमा लालबुंद झाला.

"बाबा, आत भट्टी पेटलीय! घाम निघतच नाही. काढू का अंगरखा?"

"काढलास तर सोलून निघशील."

हाशाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. तळवा तेलकट झाला आणि त्याला कळलं, कापडाचा श्वास आपणच बुजवला.

"माझा घाल. तुझा मला दे."

"आणि तू?"

"म्हाताऱ्याला घाम येतोच किती? बडबडू नको, वल्हव."

भर पावसात, भाजत, त्यांनी अंगरखे बदलले. जोमाने जीव खाऊन होडी किनाऱ्याला आणली.

हाशा नाखवा त्याच दुपारी, किनारा दिसू लागला तेव्हा, होडीत वारला.